काकांची जास्त ओरिजिनल पालखी

आमच्या काकांच्या होमस्टेमधली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे काका. बाकी सगळं नंतर जुनं केलेलं.

खरंच केलेलं. झोपाळा मुंबईहून नवा कोरा आला. काकांनी तो महिनाभर उन्हात टाकला, चहाच्या पाण्याने पुसला, सायकलच्या चेनने चारी बाजूंनी बडवला आणि मग पाहुण्यांना सांगायला लागले की आमचे पणजोबा ह्याच्यावर बसून पान खायचे. पानाचा डाग पण होता, स्वयंपाकाच्या मावशींकडून काताचं पाणी शिंपडून घेतलेला. पाहुणे त्या डागावर हात फिरवायचे हो. एका बाईंनी तर डोळे मिटले होते.

मी तिथे दोन वर्षं होते. आता न्हावा शेवाला एका ऑफिसात कंटेनरचे कागद बघते, तिथे एवढी मजा नाही. माझं गाव हरिहरेश्वरच्या थोडं अलीकडे. बीकॉम झालं होतं, घरी बसले होते, आणि काकांना रील काढणारी पोरगी हवी होती. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुला नऊवारी नेसता येते का?" मी म्हटलं नाही. तर म्हणाले, "काही हरकत नाही, शिवलेली मिळते."

काका मूळचे आमच्याच गावचे, पण लहानपणीच वडिलांबरोबर डोंबिवलीला गेलेले. आयुष्यभर कुठल्यातरी कंपनीत परचेसला होते. रिटायर झाल्यावर परत आले, बंद पडलेलं जुनं घर जेसीबीने पाडलं आणि त्याच जागी एक जुनं घर बांधलं. वरून कौलं, कौलांखाली पक्का स्लॅब. एसीचे डबे वेताच्या टोपल्यांमध्ये लपवलेले. जमीन शेणाने सारवलेली दिसते, पण ती टाईल आहे, तिच्यावर बोटांच्या रेषासुद्धा छापून आलेल्या. एक पाहुणा वाकून वास घेत होता, त्याला आलाच नाही. काका थंडपणे म्हणाले, "ताज्या शेणाला वास नसतो." आणि तो मान हलवून गेला. पुण्याचा होता, तरी गेला.

काकांचं आवडतं वाक्य होतं, "पोरी, खरं कोणी मागत नाही, खऱ्यासारखं मागतात." कुठलीही नवी गोष्ट आणली की ती लांब धरून आम्हाला विचारायचे, "ओरिजिनल वाटतंय का?" आहे का, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

आणि भाषेचा तास. हे सांगायलाच पाहिजे. दर सोमवारी पाहुणे गेले की काका आम्हाला पडवीत बसवून गावचं बोलायला शिकवायचे. आम्हाला म्हणजे मी आणि मावशी. मावशी स्वयंपाक करायच्या. जन्म ह्या गावातला, सासर वरच्या आळीत, सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे माणगावला बहिणीकडे. त्यांना काका डोंबिवलीहून येऊन गावचं बोलायला शिकवतायत. ते पण कुठलं, तर टीव्हीवरच्या सिरियलमधलं.

"म्हणा मावशी. आवं पाव्हणं, या की. बसा की वाईच."

मावशी पदराने तोंड पुसायच्या. "शेठ, असा कोन बोलतो आपल्याकडं? हा घाटावरचा झाला."

"तुम्हाला गावचं बोलता येत नाही, हाच प्रॉब्लेम आहे."

"मंग मी काय इंग्रजी बोलतंय व्हय?"

"हां, ते व्हय छान आलं. तसंच ठेवा."

मला 'व्हय जी' म्हणायला लावायचे. मी म्हटलं, काका, मी बीकॉम आहे. तर म्हणाले, "मग काय बीकॉम कपाळावर गोंदून घेणारेस?"

अंगणात एक चूल होती, फोटोसाठी. जेवण मागे गॅसवर व्हायचं, पण चुलीवर कायम एक काळंकुट्ट मडकं चढवलेलं असायचं आणि त्यात नुसतं पाणी उकळत असायचं. एकदा ठाण्याच्या एका काकूंनी झाकण उचललं. मी तर संपलेच. काका मात्र शांत. म्हणाले, "जेवणाआधीचं पाणी आहे. आमच्याकडे सात पिढ्या पितात." आणि वाटीत ओतून दिलं. काकू प्यायल्या, म्हणाल्या, पोट एकदम हलकं वाटलं. तेव्हापासून आम्हाला रोज ते वाढावं लागलं, वर तुळशीचं पान टाकून. लोक जाताना रेसिपी विचारायचे. मावशी खालमानेने सांगायच्या, "पानी घ्यायचा. उकलायचा." लोकांना वाटायचं, बाई काहीतरी लपवतेय.

स्वतः काका काय खायचे माहितीये का? ब्रेड बटर. मागच्या खोलीत, दार लावून. तिखट सोसत नव्हतं त्यांना.

तर हा असा माणूस. त्यात पालखीचं झालं.

आमच्याकडे शिमग्याला गावदेवीची पालखी घरोघर फिरते. तुमच्या अंगणात येते, पोरं ती खांद्यावर नाचवतात, घरची बाई ओवाळते, नारळ फुटतो, मग पुढचं घर. मुंबईला असलेला माणूस एक वेळ गणपतीला येणार नाही, पण ह्याला रजा टाकून येतो. आणि एक नियम आहे. ज्या घरातून कोणी पालखीला खांदा देत नाही, त्या दारात पालखी थांबत नाही. काकांचं घर वर्षानुवर्षं कुलपात. खांदा द्यायला कोण असणार. त्यामुळे पालखीची वाट त्यांच्या गेटापुढून सरळ जायला लागली.

काका परत आल्यावर गावकीच्या अध्यक्षांकडे गेले होते. अध्यक्ष त्यांच्याच वयाचे, लहानपणी एकाच बाकावर बसलेले. म्हणाले, "ये की मंग. शिमग्याचे दोन दिवस पालखीसंगं फिर, खांदा दे, तुझ्या दारात आपोआप येल." एवढंच. पण शिमगा कायम सुट्ट्यांना जोडून येतो आणि होमस्टे गच्च भरलेला असतो. दोन दिवस पाहुणे सोडून जायचं काकांच्या जिवावर यायचं. पहिल्या वर्षी म्हणाले पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी पण तेच. मग काकांनी काकांसारखं उत्तर काढलं. पालखी बनवून घेतली.

पेणला गणपतीवाल्याकडून देवीचा मुखवटा, फायबरचा. सागाचा दांडा. मावशींच्या पेटीतल्या जुन्या इरकलीची झालर. डीजे नाही, तर सनई-ढोलाचा खालूबाजा, तो पण लांबच्या गावातून आणलेला, कारण आमचे वाजवणारे नाही म्हणाले. दिवाळीपासून दर शनिवारी संध्याकाळी पालखी अंगणात निघायची. आणि खांदा कोण द्यायचं? पाहुणे. ठाणे, पुणे, नवी मुंबईचे लोक भगवे फेटे बांधून खांदा द्यायचे. जो खांदा काकांना दोन दिवस देता येत नव्हता, तो ते दर शनिवारी दुसऱ्यांना देऊ द्यायचे.

रील मीच काढायचे, उगाच कशाला नाकारू. रील सुसाट चाललं. संध्याकाळचं ऊन, खरा झेंडू, धूप, वाजवणारे घामाघूम. खाली काकांनी सांगितलेलं वाक्य, 'शेकडो वर्षांची परंपरा, आमच्या अंगणात.'

पहिल्या शनिवारी मुखवटा बसवला तेव्हा मी फोन धरून उभी होते. काका म्हणाले, "बंद कर जरा." मला वाटलं लाईट नीट नाही. तर ते त्या मुखवट्याकडे बघत म्हणाले, "आमच्या दारात यायची. बाबा नाचवायचे. एवढा जाडा माणूस, पण पालखी खांद्यावर आली की पाय जमिनीला लागायचे नाहीत. मी आईच्या मागे लपायचो." असं पहिल्यांदाच काहीतरी बोलले ज्यात 'आवं पाव्हणं' नव्हतं. मग लगेच, "कुंकू डावीकडे ओघळलंय, मावशींना सांग. आणि कर चालू."

शिमग्याच्या आधी रील गावच्या ग्रुपवर पोहोचलं आणि काकांना देवळात बोलावणं आलं. अख्खं गाव मंडपात. मी मागे बायकांमध्ये, मावशींच्या शेजारी.

अध्यक्ष म्हणाले, "देवीची नक्कल करतोस? लाज न्हाय वाटत?"

मला वाटलं काका आता पाया पडतील, विषय संपेल. पण काका उठले आणि परचेसवाल्यासारखं एकेक सुरू केलं. "तुमच्या पालखीला चायनाची लायटिंग. हार प्लॅस्टिकचे. दांडा मोडला म्हणून स्टीलचा पाईप घातलात. पुढे डीजे, त्याच्यावर गाणी कुठली वाजतात ते बायकांसमोर बोलत नाही. माझ्या पालखीला सागाचा दांडा, ताजा झेंडू, खालूबाजा. मग ओरिजिनल कोणाची?"

आणि बोंब अशी की ह्यातलं एकही खोटं नव्हतं. पाईप मी स्वतः बघितला होता. पोरं खाली बघायला लागली. डीजेवाला तर मंडपाबाहेरच गेला.

मग माझ्या शेजारून मावशी बसल्या जागेवरून बोलल्या. "आणि आत कोन हाय, शेठ?"

"आत म्हणजे?"

"तुमच्या पालखीत. आत कोन बसलाय?"

 काका परचेसच्या सवयीने खरं बोलून गेले. "फायबर."

मंडप असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. काका पण हसले थोडे, मग त्यांना कळलं की हे आपल्यावर आहे. कान लाल झाले होते त्यांचे.

निकाल मावशींनीच लावला. अध्यक्षांना म्हणाल्या, "बायका हसतात त्याला, मला बरा न्हाय वाटत. बारका व्हता तवा आपल्यासंगंच पालखीच्या मागं धावायचा. एकदा दे संधी." शेवटी असं ठरलं की ह्या वर्षी पालखी काकांच्या गेटाशी थांबेल. काकांनी सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं की माझी खोटी होती. म्हटलं की पालखी आत. नाही म्हटलं तर पुढे, आणि मग परत कधीच विषय नाही.

 रात्रीच्या आत काकांनी सागाची पालखी सुटी करून माळ्यावर टाकली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस सुरू. आरशासमोर. "माझी पालखी खोटी होती. चुकलं माझं." एकदा हात जोडून, एकदा मान खाली घालून. मग मला विचारलं, "खिडकीकडे तोंड केलं तर बरं दिसेल का?"

"काका, ह्याचं रील नाही काढायचंय."

"माहितीये गं. सवय."

मग म्हणाले, "व्हय न्हाय नको ना ह्याच्यात? साधंच बोलतो." हे वाक्य त्यांनी किती भीत भीत विचारलं ते मला अजून आठवतं. माणसाला स्वतःचं बोलायला परवानगी लागत होती.

पाहुण्यांचं बुकिंग काही त्यांनी रद्द केलं नाही. तेवढे ते बदलले नव्हते. ठाण्याची दोन कुटुंबं होती, तेच रील बघून आलेली. काकांची आयडिया अशी की त्यांना नाश्ता झाल्यावर निवांत हरिहरेश्वरला पाठवायचं, देवळाच्या मागच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालायला लावायची, तोपर्यंत दुपारी पालखी येऊन जाईल. "सावकाश घाला हां प्रदक्षिणा," गाडीच्या खिडकीत वाकून सांगितलं त्यांनी. "घाई केली तर पुण्य लागत नाही."

गाडी गेली आणि मावशी मागून आल्या. "कुटं पाठवलात त्यांना?"

काकांनी सांगितलं.

"ह्या टायमाला? पुनव आताच झाली, शेठ. दुपारची भरती खडकावर चढते. वाट बंद असनार."

आमच्या गावातलं शेंबडं पोरगं पण हे सांगेल. काकांच्या घरात मासेमारीचं जाळं टांगलेलं, भिंतीवर वल्हं लावलेलं, आणि भरती कधी येते ते माहीत नाही. त्यांनी फोन लावला, लागला नाही. मला म्हणाले, "देवळात गर्दी असेल, वेळ जाईल त्यांचा." घाम फुटला होता.

डीजे ऐकू आला. अंगण झाडलेलं, रांगोळी घातलेली, तीही हाताने, स्टिकर नव्हे. मावशींनी ओवाळणीचं ताट तयार केलेलं. काकांच्या हातात नारळ. तो नारळ त्यांनी चार दुकानं फिरून, कानाशी हलवून आणला होता. मला विचारलं नव्हतं ओरिजिनल वाटतोय का म्हणून.

पालखी गेटाशी आली. लायटिंग भर दुपारी चालू. प्लॅस्टिकचे हार. पाईप. आत देवीचा मुखवटा, चांदीचा, इतकी वर्षं हात लागून नाक जवळजवळ सपाट झालेलं. माझ्या वर्गातली पोरं खांद्याला. अध्यक्षांनी हात वर केला, डीजे थांबला.

"बोल," ते म्हणाले.

आणि नेमकी मागून गाडी आली. ठाणेकर खाली उतरले, प्रदक्षिणा बंद म्हणून वैतागलेले, पण पालखी बघून एकदम खूश. फोन बाहेर. एक ताई म्हणाल्या, "अय्या, लहानच आहे नाही? रीलमधली किती भारी होती." दुसरी माझ्या कानाशी, "ती लायटिंग काढायला सांग ना, फोटोत खोटी वाटतेय."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग अध्यक्षांकडे, मग पालखीत. आरशातलं वाक्य कुठच्या कुठे गेलं. "ती माझी... ती खोटी होती," ते म्हणाले. आवाज भलताच बारीक. "मी बनवून घेतली. तिच्यात काही नव्हतं. बाबा गेले, घर बंद झालं, मग आमच्या दारात यायचीच बंद झाली ना. म्हणून केली मी. चुकलं." आणि रडायला लागले. नाक ओढत, वेडंवाकडं, नारळ पोटाशी धरून.

टाळ्या पडल्या.

खोटं नाही सांगत, ठाण्याच्या दोन्ही कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. एका दादांनी शिट्टी मारली. "वा काका, काय ॲक्टिंग," आणि मघाचच्या ताई पुढे येऊन, "काका, 'बाबा गेले'पासून परत एकदा घ्याल का? मध्ये हा आला होता माझ्या."

खांद्यावरचा एक पोरगा फिसकन हसला. अध्यक्षांचं तोंड बदललं. त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, वर धरलेल्या फोनांकडे, मग माझ्याकडे. माझ्या हातातही फोन होता, बंद, पण होता.

"हे पन बसवलंस?" ते काकांना म्हणाले. "देवीसमोर पन?"

"नाही रे. अरे, खरंच..."

"किती नॅचरल करतात दोघं," ताई म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने.

अध्यक्षांनी हात खाली केला. "चला." पोरांनी पालखी वळवली. वळणावर डीजे पुन्हा सुरू झाला. मावशी ताट घेऊन तशाच उभ्या, ज्योत चालूच.

ठाणेकर पडवीत चढले. दादांनी विचारलं, "काका, जेवण?" आणि काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "वाढतो की पाव्हणं, बसा वाईच." डोळे पुसलेले पण नव्हते.

मागच्या खोलीच्या दारात त्यांनी मला थांबवलं आणि नारळ माझ्या हातात कोंबला. "पळ. पुढच्या घराशी गाठ. माझं नाव नको सांगू. तुमच्या घरचा म्हणून दे."

मी पळाले, नऊवारीत, शिवलेली होती म्हणून पळता आलं. पालखी तिसऱ्या अंगणात होती. अध्यक्ष दगडाशी उभे. मी नारळ पुढे केला.

"कोनाचा?"

"आमचा."

"तुमचा सकाळी फुटला. मीच फोडला."

 त्यांनी नारळ घेतला, कानाशी हलवला. आत पाणी बडबडलं. आमच्या घराच्या दिशेने नाही, काकांच्या गेटाच्या दिशेने एकदा बघितलं. मग दगडावर आपटला, एक भकल पालखीत ठेवलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"ने."

परत आले तर पडवीत पाहुण्यांच्या पंगती बसलेल्या, मावशी एकट्या वाढत होत्या. काका मागे, गॅसच्या सिलेंडरांच्या मधे, उलट्या बादलीवर बसलेले. मी भकल दिलं आणि सगळं सांगितलं, अध्यक्ष काय म्हणाले तेही. ते खिशातल्या चावीने खोबरं कोरून खायला लागले. एक तुकडा, दुसरा, तिसरा. बाहेरून दादा हाक मारत होते, काका, ते जेवणाआधीचं पाणी राहिलं. काका उठले नाहीत. प्रसाद आहे, जरा वाटावा माणसाने, म्हणून मी हात पुढे केला.

त्यांनी भकल बाजूला घेतलं.

"तुमचा सकाळी फुटला ना," तोंडात खोबरं धरून म्हणाले. "हा माझा."